चमचा कोणाच्या हातात? केईएमच्या परिचारिका आणि अरुणा शानबाग प्रकरण

सर्वोच्च न्यायालयात २००९ साली दाखल झालेल्या फौजदारी रिट याचिका क्रमांक ११५ मधली मागणी दोन ओळींत मावणारी होती. १९७३ मधल्या हल्ल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या केईएमच्या नर्सला, अरुणा शानबागला, अन्न भरवणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने ही याचिका केली होती. पुढे यात ज्येष्ठ वकील आले, तीन नामांकित डॉक्टर आले, दयामरणावर देशभर चर्चा झाली. पण समजा, मागणी मान्य झाली असती. ती अमलात कोणी आणायची? परळच्या केईएम रुग्णालयात वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या खोलीत रोज वाटी-चमचा घेऊन जाणाऱ्या सिस्टरने. डॉक्टरची सही एकदाच झाली असती. न भरवणं मात्र मॉर्निंगला, इव्हिनिंगला आणि नाइटलाही करावं लागलं असतं, अरुणाचा श्वास थांबेपर्यंत.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण दयामरणाचं म्हणून शिकवतात. नर्सिंगच्या वर्गात बहुतेक ठिकाणी ते सेवाभावाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं आणि सगळे पुढच्या धड्याकडे वळतात. मला दोन्ही अपुरं वाटतं. २०११ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची काळजी घेणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना दिला आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा परिचारिकांचा होता. त्यानंतर याच विषयावर जे नियम झाले त्यांत परिचारिका कुठेच नाही. या दोन टोकांच्या मध्ये नर्सिंगच्या कायदेशीर आणि नैतिक जबाबदारीचे बहुतेक अवघड प्रश्न सापडतात.

१९७३

अरुणा उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. केईएममध्ये नर्स होती, वय पंचविशीचं, रुग्णालयातल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलेलं. कुत्र्यांवर प्रायोगिक शस्त्रक्रिया होत त्या प्रयोगशाळेत तिची ड्युटी होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे एका सफाई कामगाराने कुत्रे बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली, तोवर प्राणवायूअभावी मेंदूचं नुकसान झालेलं होतं. दृष्टी गेली, बोलणं गेलं, मानेतल्या मज्जारज्जूलाही इजा झाली होती.

गुन्हा नोंदला गेला तो जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. लग्न ठरलेल्या मुलीची बदनामी नको, असा विचार प्रशासनाने केल्याचं पुढे वारंवार लिहिलं गेलं. तेव्हाची बलात्काराची कायदेशीर व्याख्याही इतकी अरुंद होती की या अत्याचाराचा प्रकार तिच्यात बसत नव्हता. ती व्याख्या २०१३ साली रुंदावली.

परिचारिकांच्या दृष्टीने इथेच पहिला धडा आहे. पीडितेचं नाव गुप्त राखणं आणि गुन्हा गुप्त राखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याने बंधनकारक आहे. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली ओळख उघड करणं हा गुन्हा ठरतो. दुसरी गोष्ट मात्र गुन्हा लपवणं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत आणि पोलिसांना कळवलं पाहिजे. पहिले कपडे बहुधा नर्स काढते, पहिल्या जखमा तिला दिसतात, पहिले शब्द तिच्या कानावर पडतात. ते जसंच्या तसं, वेळेसकट लिहून ठेवणं आणि कपडे धुवायला न टाकणं हे तिचं काम आहे. "मुलीचं भलं बघा" असं कोणी वरिष्ठ म्हणाले, तरी नोंद बदलत नाही.

त्या वेळी केईएमच्या परिचारिका संपावर गेल्या, सुरक्षिततेच्या आणि कामाच्या परिस्थितीच्या मागण्या घेऊन. परिचारिकेला कपडे बदलायला तळघर गाठावं लागत होतं, हे या प्रकरणात नेहमी ओघात येऊन जातं. माझ्या मते ते ओघात जाऊ देऊ नये. मालक म्हणून रुग्णालयाची जी जबाबदारी होती ती तिथे मोडली होती. पुढे कोर्टात अरुणाच्या वतीने कोण बोललं हे पाहताना हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

शय्याव्रण नसलेली पाठ

अरुणा केईएममध्येच राहिली. आईवडील गेले, बाकीच्या नातेवाइकांनी हळूहळू येणं सोडलं. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन केलं आणि पालिकेने माघार घेतली. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. जिने अरुणाबरोबर चहा घेतला होता ती निवृत्त झाली, तिच्या हाताखाली शिकलेली इन्चार्ज झाली. अरुणाची खोली मात्र हँडओव्हरमध्ये कायम राहिली.

न्यायालयासमोर आलेली आणि सगळ्यांना थक्क करणारी बाब म्हणजे इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नव्हता. ज्यांनी वॉर्डात काम केलेलं नाही त्यांना हे वाक्य साधं वाटेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओलं झालं की लगेच चादर बदलायची, पाठ-कंबर-टाचा रोज डोळ्यांनी तपासायच्या. हातपाय आखडलेल्या बाईला आंघोळ घालताना हाड मोडणार नाही असं धरायचं. आंधळ्या, मेंदूला इजा झालेल्या व्यक्तीला चमच्याने भरवताना घास श्वासनलिकेत जाणार नाही याकडे लक्ष ठेवायचं. पाळी सांभाळायची. हे सगळं महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे जमिनीवरही गाद्या घालाव्या लागतात. यातलं एकही काम एका दिवसासाठी अवघड नाही. अवघड आहे ते सदतीस वर्षं न चुकवणं, आणि कायद्याच्या भाषेत 'ड्युटी ऑफ केअर' म्हणतात ते प्रत्यक्षात हेच असतं. एखाद्या रात्री कूस बदलायची राहिली तर कोणी विचारत नाही. पाठ मात्र तिसऱ्या दिवशी सांगते.

दोन चित्रं

याचिकेत अरुणाचं चित्र असं होतं: वजन जवळजवळ नाही, हाडं ठिसूळ, मनगटं आत वळलेली, दात किडलेले, तोंडात कुस्करलेलं अन्न घातलं तरच जाणार, जाणीव कसलीच नाही. रुग्णालयातर्फे आलेल्या प्रतिज्ञापत्रातलं चित्र निराळं होतं. ती अन्न नीट घेते, चेहऱ्यावर भाव येतात, अधूनमधून आवाज काढून प्रतिसाद देते, शौचाला-लघवीला लागली की आवाज करते आणि तो आवाज परिचारिकांना ओळखू येतो.

न्यायालयाला दोन्हींत इतकी तफावत दिसली की २४ जानेवारी २०११ रोजी तीन डॉक्टरांची समिती नेमली गेली: टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीलेश शहा. त्यांनी अरुणाला तपासलं, कर्मचाऱ्यांशी बोलले. निष्कर्ष असा की ती मेंदूमृत नाही, आणि कायमस्वरूपी वनस्पतिवत अवस्थेचे (डोळे उघडे, पण भोवतालची जाणीव नाही) बहुतेक निकष तिला लागू होतात. त्याच अहवालात परिचारिकांनी सांगितलेलंही आहे. तिला मासे आणि चिकन सूप आवडतं, आवडीचं दिलं की ती हसते, खोलीत गर्दी झाली की बेचैन होते आणि ओळखीचा हात लागला की शांत होते.

यातलं खरं काय? मेंदूविकारतज्ज्ञ म्हणेल की हसू ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. सिस्टर म्हणेल की तुम्ही अर्धा तास पाहिलंत, मी वीस वर्षं पाहते आहे. मला दोघांचंही ऐकावंसं वाटतं, पण दोघांच्या विधानांना एकाच तागडीत टाकता येत नाही. परिचारिकेचं निरीक्षण पुरावा ठरतं ते 'आवाज केला, पाच मिनिटांत लघवी झाली' असं तारीख-वेळेसह रोज लिहिलेलं असेल तर. 'तिला कळतं' हा त्या निरीक्षणावरून काढलेला अर्थ आहे, आणि माया असलेल्या माणसाने काढलेला अर्थ आहे. नर्सेस नोट्स लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, हे शिकवताना याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. परिचारिकांच्या निरीक्षणांची दखल न घेता केवळ तपासणीवरून ठरवलं असतं, तर याचिकेतलं चित्र आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर कदाचित कोणाच्या ध्यानातच आलं नसतं.

चमचा आणि नळी

न्यायालयासमोर इंग्लंडचा एक दाखला होता. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत चेंगरलेला अँथनी ब्लांड हा तरुण वनस्पतिवत अवस्थेत होता, त्याला नाकातल्या नळीने अन्न दिलं जाई. १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवलं की असं नळीने अन्न देणं हा वैद्यकीय उपचार आहे, आणि रुग्णाला त्याचा काही लाभ नसेल तर तो थांबवता येतो.

अरुणाची गोष्ट वेगळी होती. १६ सप्टेंबर २०१० पर्यंत ती तोंडाने जेवत होती. मग ताप आला, बहुधा मलेरियाचा, खाणं कमी झालं आणि रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालावी लागली. म्हणजे याचिका दाखल झाली तेव्हा प्रश्न चमच्याचा होता आणि निकाल लागला तेव्हा नळीचा. वरवर हा फरक क्षुल्लक दिसतो, पण नर्ससाठी तो फार मोठा आहे. नळी डॉक्टरच्या आदेशाने घातली जाते आणि आदेशाने काढता येते. ती उपचारात मोडते. तोंड उघडणाऱ्या माणसाच्या तोंडात घास घालणं ही मात्र मूलभूत काळजी आहे, तोंड धुणं किंवा पांघरूण घालणं यांच्याच पंगतीतली. त्यासाठी आदेश लागत नाही. म्हणून तो आदेशाने थांबवताही येऊ नये, असं मी मानते. उपचार थांबवण्याला कायद्याने वाट ठेवली आहे. तोंडाने घेणाऱ्याला उपाशी ठेवण्याला ठेवलेली नाही, आणि ती ठेवली जावी असं मला वाटत नाही.

केईएमच्या परिचारिकांनी याचिकेला जो विरोध केला त्याचं मूळ मला इथे दिसतं. वृत्तपत्रांनी ते मायेपुरतं मांडलं. माया होतीच. पण त्या बायकांना जे करायला सांगितलं जाणार होतं ते त्यांच्या व्यवसायाच्या व्याख्येबाहेरचं होतं.

तिच्या वतीने कोण

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. याचिका फेटाळली. सक्रिय दयामरण, म्हणजे इंजेक्शन देऊन वगैरे, बेकायदाच राहिलं. उपचार थांबवण्याला, म्हणजे निष्क्रिय दयामरणाला, उच्च न्यायालयाच्या मंजुरीच्या अटीवर प्रथमच मार्ग खुला झाला. शिवाय न्यायालयाने म्हटलं की विराणींच्या तळमळीबद्दल आदर असला, तरी अरुणाच्या 'नेक्स्ट फ्रेंड', कायद्याने तिच्या वतीने बोलू शकणारे जवळचे लोक, म्हणजे केईएमचे कर्मचारी. इतकी वर्षं रात्रंदिवस त्यांनी तिला सांभाळलं आहे. उद्या त्यांचंच मत बदललं, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा.

केईएममध्ये त्या दिवशी मिठाई वाटली गेली, केक कापला गेला. ते फोटो पाहून तेव्हाही मन थोडं अडखळलं होतं. बातमी आनंदाची होती, मान्य. पण ज्या व्यक्तीबद्दल निकाल होता तिला काय हवं असेल हे कोणालाच विचारता आलं नव्हतं.

निकालाच्या या भागाशी मी अर्धीच सहमत आहे. बाहेरच्या व्यक्तीला, ती कितीही कळवळ्याची असो, असा अधिकार देऊ नये हे बरोबर. उद्या मालमत्तेसाठी किंवा प्रसिद्धीसाठी कोणीही पुढे येईल, ही न्यायालयाची भीती रास्त होती. पण 'केईएमचे कर्मचारी' या एका शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या गेल्या. एक, खाटेजवळच्या परिचारिका. दुसरी, ती संस्था, जिच्या तळघरात ही घटना घडली, जिथल्या प्रशासनाच्या काळात अत्याचाराचा आरोप गाळला गेला आणि जिच्या मालक महापालिकेने एकेकाळी तिला हलवायचा प्रयत्न केला. अशा संस्थेला रुग्णाच्या वतीने बोलू देताना हितसंबंधांचा प्रश्न निदान विचारायला तरी हवा. कोर्टात प्रतिज्ञापत्र संस्थेतर्फे गेलं. परिचारिकांचं म्हणणं त्यातून आणि डॉक्टरांच्या अहवालातून झिरपत आलं.

खुद्द परिचारिकांच्या बाबतीतही एक कठीण प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचं असतं की या व्यक्तीने स्वतः काय निवडलं असतं. २०११ मध्ये ड्युटीवर असलेल्या बहुतेकींनी धडधाकट अरुणा पाहिलेलीच नव्हती. तिला कशाची भीती वाटायची, परावलंबी जगण्याबद्दल ती काय म्हणायची, हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांना माहीत होती ती खाटेवरची अरुणा. म्हणून त्या सांगू शकत होत्या ते एवढंच की आज तिला वेदना दिसतात की नाहीत, आज ती कशाने शांत होते. हे अमूल्य होतं. तिच्या इच्छेची जागा मात्र ते घेऊ शकत नव्हतं. आणि जिला आपण वीस वर्षं न्हाऊ-माखू घालतो तिच्या जाण्याला होकार देणं आपल्याला जमेल का, हाही प्रश्न आहेच. व्यावसायिक अंतर ही कोरडी गोष्ट वाटते खरी, पण ते असतं म्हणून 'माझ्यासाठी ती हवी आहे' आणि 'तिच्यासाठी जगणं हवं आहे' यांतला फरक ओळखता येतो.

अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. आधीचे काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. २०११ च्या निकालाने ज्याबद्दल विचार करायची मुभा दिली होती तो हाच टप्पा. श्वास यंत्रावर गेलेला, सुधारणेची आशा नाही. पण त्या निकालाची वाट उच्च न्यायालयातून जात होती: खंडपीठ, तीन डॉक्टरांची समिती, संबंधितांना नोटिसा. न्यूमोनियाच्या रुग्णाजवळ एवढा वेळ नसतो. शेवटी अंत्यसंस्काराच्या वेळी नातेवाईक आणि परिचारिका यांच्यात कोणाचा हक्क यावरून कुरबूर झाली.

नंतरचे नियम

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०११ च्या निकालाने आधीच्या १९९६ च्या, आत्महत्येसंबंधीच्या ग्यान कौर निकालाचा अर्थ चुकीचा लावल्याचं सांगितलं, आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. ती प्रक्रिया इतकी किचकट निघाली की २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयालाच ती सोपी करावी लागली. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवायचे तर रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ असतं, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, प्रत्यक्ष थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्रांच्या प्रती सांभाळण्यासाठी महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारीही नेमले गेले, त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

ही प्रक्रिया आधीपेक्षा खूप चांगली आहे. फक्त ती वाचताना नर्स शोधावी. दोन्ही मंडळांत ती सदस्य नाही. रुग्णाला चोवीस तास पाहणाऱ्या व्यक्तीचं मत मंडळाने लेखी घ्यावं, अशी अट नाही. आदेश निघाल्यावर व्हेंटिलेटरचे आकडे कमी होताना, नळी निघताना खाटेशी जी उभी असेल तिला हे जमणार नसेल तर काय, याचाही विचार नाही. जिला रुग्णाच्या वतीने बोलणारी मानलं, तिला सात वर्षांत निव्वळ अंमलबजावणी करणारी करून टाकलं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०२१ च्या आचारसंहितेत परिचारिकेच्या मूलभूत जबाबदाऱ्यांमध्ये वेदना कमी करण्याबरोबरच सन्मानाचं मरण शक्य करणंही घातलेलं आहे. ज्या टेबलावर ते मरण ठरतं तिथे तिला खुर्ची नसेल, तर ही जबाबदारी तिने कुठे उभं राहून पार पाडायची?

माझी अपेक्षा फार मोठी नाही. सिस्टरला मत देण्याचा अधिकार द्या असं मी म्हणत नाही, निर्णयाचं वैद्यकीय ओझं तिच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. प्राथमिक मंडळाच्या कागदांत इन्चार्ज सिस्टरचं लेखी निरीक्षण असावं: वेदना, प्रतिसाद, झोप, नातेवाईक तिच्याजवळ काय बोलतात. आणि ज्या परिचारिकेला हे काम मनाला पटत नाही तिची ड्युटी बदलून द्यावी, शेऱ्याविना. हे दोन्ही रुग्णालय आपल्या पातळीवर आजही करू शकतं, त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

रात्रीची ड्युटी

मंडळ, दंडाधिकारी, इच्छापत्र हे सगळं मोठ्या रुग्णालयात. इतरत्र बहुतेक वेळा काय होतं? रात्री राउंड संपवून जाताना डॉक्टर दारातून सांगतात, "सिस्टर, सात नंबरला काही झालं तर फार धावाधाव करू नका, नातेवाइकांशी बोललोय." कागदावर काही नाही. पहाटे रुग्णाचं हृदय थांबतं आणि सगळा प्रसंग एकट्या नर्सच्या अंगावर येतो.

कायद्याच्या नजरेत तिची जागा इथे फार वाईट आहे. 'डॉक्टरांनी तोंडी सांगितलं' हा बचाव कागदाशिवाय टिकत नाही, आणि सकाळी डॉक्टरांना ते आठवेलच असं नाही. त्यात २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आणखी एक तफावत आणली आहे. कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर मर्यादा दोन वर्षांची. आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली नर्स या सवलतीत येत नाही. एकाच खाटेशी, एकाच चुकीसाठी डॉक्टरला दोन वर्षं आणि सिस्टरला पाच, असं हे गणित आहे. हे कोणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. व्याख्या लिहिताना परिचारिकेची आठवणच झाली नसावी, आणि तेच जास्त लागतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये 'पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये' अशा आदेशाबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, रुग्ण किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्यांशी चर्चा करून, आणि लेखी. हा कागद वॉर्डात छापील ठेवायला हरकत नाही. तोंडी सूचना मिळाली की सिस्टरने तिथेच म्हणावं, "सर, फाइलवर लिहून द्या." डॉक्टर निघून गेले असतील तर फोन करावा. तरीही कागद मिळाला नाही, तर नोट्समध्ये लिहावं: अमुक वाजता तोंडी सूचना, लेखी आदेश मागितला, अमुक वाजता ऑन-कॉल डॉक्टर आणि नाइट सुपरवायझरला कळवलं. आणि मग लेखी आदेश हातात येईपर्यंत रुग्णाचं हृदय थांबलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, सुरू करावा. वैतागलेले डॉक्टर सकाळी काय म्हणतील ते म्हणोत. आदेश लेखी असेल तर सीपीआर नाही, बाकी सगळं आहे: तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, वेदनाशामक वेळेवर, बाहेरच्या बाकड्यावर झोपलेल्या मुलाला उठवून आत आणणं.